उजेडापुढे उभी केलेली बाज

मित्रांनो, माझ्या एका पायाला लोखंडी पट्टी मारलेली आहे, आणि मधली दोरी इतकी सैल झाली आहे की माझ्यावर बसलेल्या माणसाला उठताना दुसऱ्याचा हात लागतो. तरी मला एवढ्यात चुलीत घालू नका. मी उमरग्याच्या अजीजाबींची जुनी बाज आहे. मला तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून मान खाली जाते, पण सांगते.

मला गोरोबा सुताराने घडवले. लाकूड बाभळीचे, दोरी घायपाताची. अजीजाबी नवी नवरी होऊन या घरात आल्या, त्याच उन्हाळ्यात मीही आले. "बाज कसली गोरोबा, ही तर पालखी केलीस!" असे त्यांचे सासरे म्हणाले होते. ते ऐकून मी जी ताठ झाले, ती बरीच वर्षे ताठच होते. अजीजाबींचा मुलगा वली माझ्यावरच जन्मला. ईद जवळ आली की शेवया माझ्यावर वाळत घालायच्या. पाहुणा आला की त्याला मी आणि घरच्यांना जमीन. असा माझा मान होता.

पुढे वली मोठा झाला, शिलाई मशीनवर बसू लागला. फरिदाबी सून म्हणून घरात आली. घर म्हणजे तरी काय, बिनखिडकीची एक खोली आणि पुढे अंगण. अजीजाबींना दमा होता. उन्हाळ्यात त्या खोलीत त्यांचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून होळी झाली की मला अंगणात काढायचे. घरात गोशा, म्हणजे पडदा, पाळत. दिवसा फरिदाबी अंगणात आली तर डोक्यावरून ओढणी घट्ट ओढून यायची. पण दिवस मावळला की अंगण बायकांचे. सासू माझ्यावर, सून खाली वाकळीवर, दोघींचे केस मोकळे, गप्पांना ऊत. अंधार हाच त्यांचा पडदा होता आणि तो वलीला शिवावा लागत नव्हता.

शेजारी, छातीएवढ्या भिंतीच्या पलीकडे, महालिंगप्पांची आडत होती. ज्वारीच्या, तुरीच्या पोत्यांनी त्यांचे आवार भरलेले असायचे. या घराला ते परके नव्हते. निजामाचे राज्य गेले त्या दिवसांत गावोगाव गडबड माजली होती. कोण कुणाच्या दारावर चालून येईल याचा नेम नव्हता. तेव्हा महालिंगप्पा स्वतः भिंत ओलांडून आले, विधवा अजीजाबींना आणि लहानग्या वलीला घेऊन गेले आणि पोत्यांच्या थप्पीमागे लपवले. दारात स्वतः बसून राहिले. त्यांची बायको नीलम्मा आतल्या आत भाकरी पोचवायची. मी अंगणात एकटीच होते. सगळे शांत झाल्यावर अजीजाबी परत आल्या, माझ्यावर टेकल्या आणि मुलाला म्हणाल्या, "वली, या घरापुढं जन्मात कधी तोंड वर करून बोलायचं न्हाय." घरात त्या दखनी बोलायच्या. मी तुम्हांला मराठीत सांगते आहे.

पुढे काही वर्षांनी उमरग्यात वीज आली. त्याच सुमारास कुणाच्या तरी आवारातली पोती फोडून चोरांनी माल नेला. महालिंगप्पांनी धसका घेतला आणि आडतीच्या पुढच्या भिंतीवर, उंचावर, भला मोठा बल्ब लावला. गाव बघायला लोटला. "अण्णांनी दुसरा चंद्र आणला," असे जो तो म्हणू लागला.

त्या चंद्राचा निम्मा उजेड आमच्या अंगणात पडायचा, आणि तो नेमका माझ्यावर. अजीजाबी या कुशीवर वळल्या तरी डोळ्यांत, त्या कुशीवर वळल्या तरी डोळ्यांत. पलीकडे रात्री ट्रक भरत, हमाल पोत्यांच्या थप्पीवर चढत आणि तिथून आमचे अंगण तळहातासारखे दिसे. फरिदाबीने पहिल्याच रात्री वाकळ गुंडाळली आणि खोलीत गेली. सासूला एकटे सोडून तिला झोप येईना, म्हणून अजीजाबीही आत गेल्या. मला बाहेरच ठेवले. आतून त्यांच्या छातीची घरघर रात्रभर ऐकू यायची. तसे आठवडे गेले. अजीजाबी सुकत चालल्या. भिंतीला धरून चालू लागल्या.

"तुमी जाऊन बोला की जरा," फरिदाबी वलीच्या मागे लागली. "अम्माला रात्रीचा श्वास पुरत न्हाय."

वली गेला. तो काय बोलला ते मला भिंतीवरून स्वच्छ ऐकू आले. म्हणाला, "अण्णा, उजेड लई झकास पडलाय हो!" आणि महालिंगप्पा खूश होऊन म्हणाले, "व्हय की रं! आता तुमच्या बाजूला बी चोराची भीती न्हाय." वली परत आला तो सरळ मशीनवर जाऊन बसला आणि बायकोकडे बघेना. त्याची मला कीव आली, आणि रागही आला.

मग एका संध्याकाळी फरिदाबीने मला धरले, आडवी कलंडवली आणि भिंतीच्या बाजूने उभी केली. वर वाकळ टाकली. माझ्यामागे बाजेपुरती सावली तयार झाली.

मित्रांनो, आमच्या भागात बाज उभी केव्हा करतात ते तुम्हांला माहीत आहे का? घरातले माणूस गेले की. मीसुद्धा तोवर एकदाच उभी राहिले होते, वलीचे वडील गेले तेव्हा. अजीजाबी तर ओरडल्याच, "अगं, जित्या माणसांच्या घरात बाज उभी करतीस?" पण त्या सावलीत अंग टाकले आणि त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळा वारा मिळाला. गाढ झोपल्या. फरिदाबी त्यांच्या पायाशी रडत बसली. तिला सासूची झोप बघून बरेही वाटत होते आणि आपण अपशकुन केला म्हणून लाजही वाटत होती. माझे विचाराल तर मी लाजेने मेले. ज्या बाजेवर पोर जन्मले, पाहुणे बसले, ती आता घराची अडचण झाकायला मयताच्या घरातल्यासारखी उभी होती. आणि कुणापासून झाकायची? ज्याने जीव वाचवला त्याच्यापासून.

रोज अंधार पडला की मला उभी करायचे आणि गल्ली जागी व्हायच्या आत खाली घालायचे, असा क्रम सुरू झाला. एके दिवशी सकाळी मात्र तो चुकला. अजीजाबींना रात्री खोकल्याची उबळ आली होती, पहाटे डोळा लागला. फरिदाबीने त्यांना उठवले नाही आणि मलाही हलवले नाही.

महालिंगप्पा तोंड धुवायला आवारात आले. भिंतीवरून नजर इकडे गेली. त्यांना उभी बाज दिसली. घरात हालचाल नाही, चूल पेटलेली नाही. अजीजाबींचा दमा त्यांना ठाऊक होता. तांब्या त्यांच्या हातातून पडला. मी तो आवाज ऐकला आणि माझ्या लक्षात आले की आता काय होणार.

थोड्याच वेळात आमच्या अंगणाचे दार वाजले. महालिंगप्पा डोक्याला पटका न बांधता तसेच आले होते. मागे नीलम्मा पदर डोळ्यांना लावून, आणि त्यांच्या मागे गल्लीतली पाच-सहा माणसे. वली दार उघडून बघतच राहिला.

"वली, आरं कधी झालं हे?" महालिंगप्पांनी विचारले. "भिंतीला भिंत असून आम्हांला एक हाक मारली न्हाईस? येवढे परके झालो व्हय आमी?"

 तेवढ्यात माझ्यामागून ओढणी सावरत, झोपेतून दचकलेल्या अजीजाबी उठून बसल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "या अल्ला! कोन गेलं, अण्णा?"

मागची माणसे हसली. नीलम्माही रडता रडता हसली. हसले नाहीत ते महालिंगप्पा. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि विचारले, "मग बाज का उभी केली?"

 वली जमिनीकडे बघू लागला. फरिदाबी खोलीच्या दारामागे सरकली. अजीजाबी म्हणाल्या, "काय न्हाय अण्णा, उगं आपली." ते खोटे इतके उघडे होते की मला माझ्या चारी पायांनी जमिनीत शिरावेसे वाटले.

पुरुषांना माझ्यामागे यायची सोय नव्हती. नीलम्मा आली. अजीजाबींच्या शेजारी खाली बसली, माझ्या वाकळीचा कोपरा तिने बाजूला केला आणि वर बघितले. घाईत विझवायचा राहिलेला तो बल्ब दिवसाढवळ्याही डोळ्यांत घुसत होता. तिने वाकळ सोडून दिली आणि हळूच विचारले, "रोज अशीच?"

फरिदाबीने दारामागूनच मान हलवली.

नीलम्मा बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "आपला दिवा यांच्या उशाशी जळतोय. म्हाताऱ्या माणसाची झोप घेतली आपण."

महालिंगप्पांनी गल्लीतल्या माणसांना हाताने घरी जायला सांगितले. मग ते उंबऱ्यावरच बसले. उघड्या डोक्यावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. आणि कुणाकडेही न बघता बोलले.

"त्या दिवसांचं ओझं धरून गप बसला व्हय, भाबी? तसं असल तर तवा म्या तुमाला घरात घेतलं न्हाय, ईकत घेतलं म्हनायचं."

अजीजाबी रडू लागल्या. वलीही रडला. मी इतकी वर्षे या घरात आहे, पण सगळेच्या सगळे एकमेकांपुढे असे खजील झालेले मी पहिल्यांदा बघितले. कुणीच वाईट नव्हते हो. एकाने विचारले नव्हते आणि दुसऱ्यांनी सांगितले नव्हते, एवढेच.

त्याच दिवशी महालिंगप्पांनी बल्बला पत्र्याचे टोपण करून आणले आणि त्याचे तोंड आपल्या पोत्यांकडे फिरवले. वलीने मला चार पायांवर नीट ठेवले.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी मोठा दिवा लावाल तेव्हा एकदा शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसा आणि वर बघा. आणि तुम्ही कुणाच्या उपकाराखाली असाल, तर त्याच्यापासून आपले दुखणे लपवू नका. लपवलेत तर त्या बिचाऱ्याला आपण चांगले वागतोय की वाईट, हे कळायचे तरी कसे?

त्या संध्याकाळी दिवा लागला आणि भिंतीपलीकडून हाक आली, "भाबी, आता पडतोय का उजेड तिकडं?"

अजीजाबी माझ्यावर पडल्या होत्या. उजेडाचा एक पट्टा अजून त्यांच्या तोंडावर येत होता. तरी त्या सवयीने म्हणाल्या, "न्हाय अण्णा, अजिबात न्हाय!"

जिचा आवाज त्या भिंतीपलीकडे कुणी कधी ऐकला नव्हता, ती फरिदाबी ओढणी घट्ट धरून उठली आणि अंधारातून मोठ्याने म्हणाली, "पडतोय, अण्णा! अजून थोडा खाली करा!"