भिंतीकडे तोंड केलेला कान

माझ्यात कुणाच्या मुलाचं डोकं अडकलं तर? या एका काळजीपायी मला घडवणारी बाई चार रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी मोजायची टेप शोधू लागली.

मी एक कान आहे. सिमेंटचा, साडेपाच फूट उंच, डावा. कानाने ऐकावं, बोलू नये, हे मलाही कळतं. पण माझी हकिगत दुसऱ्या कुणी सांगितली तर त्यात तिखटमीठ पडेल, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म गॅरेजमधला. माझ्यासाठी घरातली गाडी उन्हात उभी राहिली आणि त्यावरून आठवडाभर कुरबुर झाली. आधी सळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, आणि जाळीवर हाताने थापलेलं सिमेंट. बाई शिल्पकलेची पदवी घेतलेली, पण बिट्टी झाल्यापासून तिने मोठं काही केलं नव्हतं. बिट्टी म्हणजे तिची चार वर्षांची मुलगी. ती बालवाडीत गेली की बाईला तीन तास मिळायचे. त्यातला अर्धा तास ‘आपल्याला हे जमणार नाही’ हे ठरवण्यात जायचा. उरलेल्या अडीच तासांत मी वाढलो.

आमच्या उपनगराच्या नगरपालिकेने एक टूम काढली होती. चित्रदालनात कुणी फिरकत नाही, तर कलाच बाजाररस्त्यावर न्यायची. आठ चौथरे, आठ शिल्पं, मुक्काम एक वर्ष. वर्षअखेरीस समिती बघणार. ज्याच्यापाशी लोक थांबतात ते राहील, बाकीची गोदामात.

माझ्या मधोमध एक भोक आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात तोंड घालून मनातलं बोलावं, अशी बाईची कल्पना. आत मी नरसाळ्यासारखा निमुळता होत वळतो. त्यामुळे बोललेलं थोडंसं आपल्यालाच परत ऐकू येतं, आणि परत येताना जरा निवलेलं असतं.

तर त्या भोकाची काळजी. बाईने टेपने बिट्टीचं डोकं मोजलं. एक्कावन्न सेंटिमीटर. मग टोपी विणायचं निमित्त काढून शेजारच्या दोन पोरांची डोकी मोजली. शेजारीण अजून टोप्यांची वाट बघते आहे. सासूबाई गॅरेजच्या दारात येऊन म्हणाल्या, “डोकं जाईल एवढं भोक हवंच कशाला? बोट जाईल एवढं ठेव.”

“मग बोट अडकेल, आई.”

“तू ना, पाण्यातसुद्धा खाचखळगे शोधशील,” असं म्हणून सासूबाई आत गेल्या. पण जाताना कडेवर बोट फिरवून म्हणाल्या, “इथे टोचतंय बघ.” बाईने ती कड पुन्हा घासली. शेवटी तिने भोक खांद्यांपर्यंत मूल सहज जाईल आणि सहज येईल एवढं रुंद केलं. अडकण्यासारखं काही उरलं नाही, काळजी मात्र तेवढीच उरली.

मला बसवायचं काम एका मुकादमाकडे होतं. बाईने त्याला फोन केला, मुलांचं डोकं अडकायला नको, एवढं बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. मोजून सात फोन झाले. मुकादम स्वतः तीन लेकरांचा बाप, कामाला चोख. त्याने ते मनावर घेतलं. क्रेनवर मला उचललं, चौथऱ्यावर गोल फिरवलं, आणि भोक बरोबर मागच्या भिंतीकडे करून घट्ट बसवून टाकलं. भिंत आणि मी यांच्यात जेमतेम चार बोटांची फट.

बाई पोचली तेव्हा बोल्ट कसून झाले होते.

“आता बिनघोर राहा, मॅडम,” मुकादम हात पुसत म्हणाला. “मांजराचंही डोकं जायचं नाही.”

बाईचं तोंड उघडलं. मी वाट बघत होतो. ती म्हणाली, “थँक्यू, दादा.” आणि क्रेनवाल्यांना चहा सांगायला गेली.

असे माझे अकरा महिने भिंतीशी गेले. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला खराच होता, फक्त कुणाला ते माहीत नव्हतं. पलीकडे शिंप्याचं दुकान. “बुधवारी नक्की देतो,” हे मी दर बुधवारी ऐकलं. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावं म्हणतात, पण मला दुसरा कान नाही. सगळं साठून राहिलं.

रस्त्यावरून माझी फक्त पाठ दिसायची. तिला कुणी बटाटा म्हणालं, कुणी अर्धवट सोडलेली टाकी. सायकली मला टेकल्या, फटीत चॉकलेटचे कागद साचले. माणसांची एक सवय मी तिथे शिकलो. समोरची वस्तू काय आहे ते कळलं नाही, की ती तिला चक्कर मारून बघत नाहीत. नाव ठेवतात आणि पुढे जातात.

बाई रोज बिट्टीला घेऊन समोरच्या फुटपाथवरून जायची. माझ्याकडे कानाडोळा करायची, आणि हे तिला मुळीच जमायचं नाही.

“आई, आपला कान भिंतीशी काय बोलतो?”

“काही नाही. चल, उशीर होतोय.”

मग समितीचं पत्र आलं. पहिलं वाक्य आभाराचं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की सदर शिल्प नेमकं कशाचं आहे याचा नागरिकांना बोध होत नाही, सबब महिनाअखेर ते गोदामात हलवण्यात येईल. ते पत्र बाईने माझ्या पाठीमागे उभं राहून वाचलं. फटीत हात घालून चॉकलेटचा एक कागद काढला, मग दुसरा. सगळे काढून झाल्यावर पर्सचा बंद ओढला आणि थेट नगरपालिकेची वाट धरली.

पहिल्या दिवशी इंजिनियरसाहेब जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “रीतसर अर्ज करा.” तिसऱ्या दिवशी ती अर्ज घेऊन समोरच्या खुर्चीत बसली आणि उठलीच नाही. हे सगळं तिने परतताना शिंप्याला सांगितलं, म्हणून मला माहीत.

“अकरा महिने गप्प का होता?” साहेबांनी विचारलं.

“लाज वाटली.”

“चूक मुकादमाची, लाज तुम्हाला?”

“त्यांची नाही, साहेब. मी त्यांना काळजी सात वेळा सांगितली. काम एकदाही सांगितलं नाही.”

साहेबांनी अर्ज उलटसुलट केला. “फिरवू. पण ह्यात कुणाचं पोर अडकलं तर उद्या मला धारेवर धरतील. मी समोर उभा राहून बघणार. पोर आत जाऊन बाहेर आलं पाहिजे. आलं, तर समितीकडून आणखी एक वर्ष मिळवून देतो; नाही आलं, तर त्याच क्रेनने गोदामात. कुणाचं पोर आणाल?”

बाई म्हणाली, “माझं.”

मला फिरवायच्या दिवशी सकाळी तोच मुकादम आला. आधी जरा फुरंगटलेला होता. “तुम्हीच म्हणाला होता, मॅडम.” बाई म्हणाली, “हो दादा, चुकलं माझं. आता रस्त्याकडे.” बोल्ट गंजले होते, तासभर हातोडा चालला. बाई छत्री बंद करून उन्हातच उभी राहिली, आणि बोट दाखवून सांगत राहिली, अजून थोडं, अजून, डावीकडे. तिचा आवाज एवढा मोठा मी गॅरेजमध्येही ऐकला नव्हता.

आणि मी फिरलो. अकरा महिन्यांनी ऊन माझ्या आत आलं. शिंप्याने दुकानातून बाहेर येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अरे, हा तर खरंच कान आहे.” मग जरा वेळाने, बारीक आवाजात, “म्हणजे इतके दिवस...” असं म्हणून तो आत गेला. काळजी करू नका, शिंपीदादा, तुमच्या बुधवारांबद्दल मी कुणाला सांगणार नाही.

मी आजही त्याच चौथऱ्यावर आहे. आणखी एक वर्ष मिळालं आहे, पुढचं माहीत नाही. माझ्यासमोर लोक थांबतात, बुजतात, इकडेतिकडे बघतात आणि तोंड आत घालतात. काय बोलतात ते माझ्यापाशी. तुम्हीही या. आणि रस्त्यात एखादी वस्तू उमगली नाही, तर नाव ठेवण्याआधी एक चक्कर मारा. कदाचित कुणीतरी फार काळजीने ती उलटी बसवली असेल.

हे वर्ष मिळालं ते मला फिरवलं त्याच दिवशीच्या पाहणीत. साहेब वही उघडून उभे. मुकादम एका बाजूला. बाईने बिट्टीचे केस मागे बांधले, कानातले डूल काढून पर्समध्ये ठेवले. आणखी काही काढता येईल का ते बघितलं. मग म्हणाली, “जा.”

बिट्टी चवड्यांवर उभी राहिली. डोकं आलं, मान आली, खांदे आले. कुठेही काही घासलं नाही. एवढं हलकं ओझं मी पहिल्यांदाच पेललं. बाईचा श्वास मला आत ऐकू येत होता, आणि तिच्या मुठीत बिट्टीचा फ्रॉक मागून गच्च धरलेला होता.

“अडकलीस का गं?” बाईने विचारलं.

बिट्टी आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत होती. मग ती बोलली. माझ्यात कुणीतरी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

“आई, फ्रॉक सोड आणि लांब जाऊन उभी राहा. मला कानाला सांगायचंय, तुला नाही.”