तोच का, तसाच का

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. रक्तपेढीच्या संगणकात राहतो. माझी अक्षरे मोजकीच : ओ निगेटिव्ह.

प्रोग्राम लिहिणाऱ्या दादांनी मला घडवले. संगणक मोठा काटकसरी. प्रोग्राममध्ये एखादा शब्द शंभरदा लिहिला, तरी तो त्याची प्रत एकच ठेवतो आणि सगळीकडे तिचाच पत्ता देतो. शंभर ठिकाणी मी एकटाच. जागा वाचली म्हणून माझे कौतुक झाले, मलाही जरा ताठा चढला.

रक्ताच्या कपाटाचे कुलूप प्रोग्रामच उघडतो, मागणीतला शब्द खणावरच्या शब्दाशी जुळला तरच. दादांनी चाचणीची मागणी प्रोग्राममध्येच लिहिली, तेव्हा मागणीत मीच होतो, कपाटाच्या खणावरही मीच. पत्ता एक. कुलूप उघडले आणि दादा निर्धास्त झाले.

मग रक्तपेढीत खरी मागणी आली. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. पेढीतल्या ताईंनी रक्तगट टाइप केला आणि, बाहेरून आलेल्या शब्दाची प्रत वेगळी होते म्हणून, माझ्याशेजारी एक नवा शब्द जन्मला. अक्षर न अक्षर माझ्यासारखे, पत्ता तेवढा निराळा. प्रोग्रामने नुसते पत्ते पाहिले आणि सांगितले, जुळत नाही. कुलूप बंदच राहिले.

काचेआड चार पिशव्या दिसत होत्या. जादा किल्ली प्रमुखांच्या खिशात, ते तासभर लांब. ताईंनी स्टूल उचलले. पण काचेने पिशव्याच फाटल्या तर? स्टूल खाली ठेवून त्यांनी दादांना फोन लावला. मी शब्द असूनही मला बोलता येत नव्हते.

"आमच्याकडे तर व्यवस्थित चालत होतं," दादा म्हणाले.

"तुमच्याकडे कुणी मरत नव्हतं, दादा. आता बघा."

दादांनी प्रोग्राममधली ती ओळ उघडली. "ताई, मी 'तसाच आहे का' असं विचारायला हवं होतं. 'तोच आहे का' असं विचारून बसलो."

ते ओळ बदलू लागले. घाईत एकदा चुकलेही. वॉर्डातली परिचारिका दोनदा विचारून गेली होती. तिसऱ्यांदा आली ती रक्त न्यायचा डबा घेऊनच.

बदललेला प्रोग्राम सुरू झाला, ताईंनी रक्तगट पुन्हा टाइप केला. आता आम्हा दोघांची अक्षरे शेजारी शेजारी ठेवून शेवटपर्यंत वाचली गेली. कुलूप खटकन उघडले. परिचारिका पिशव्या घेऊन धावली.

देवाची दया, बऱ्याच वेळाने निरोप आला : बाळाच्या आईने डोळे उघडले, पाणी मागितले.

तो नवा शब्द काम होताच पुसला गेला. असे शब्द घटकेचेच असतात. बाईला वाचवले त्याने, इथे मिरवतोय मी.

मित्रांनो, दाराशी कुणी आले तर पत्ता नंतर विचारा. आधी तो काय घेऊन आला आहे, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.