दोन माणसांपुरता भोपळा

ज्या सकाळी फोन आला, त्या सकाळी वेलींवर बरीच मादी फुलं उमलली होती. मी ब्रश बोलतोय. दात घासायचा नव्हे, भिंती रंगवायचा तर नव्हेच. बारीक केसांचा, चित्रकलेचा. जाळीघराच्या दारापाशी फळीवर एक पेला असतो, त्यात मी उभा होतो.

मालक बादलीत खत ढवळत होते. मालकीणबाई इस्पितळात होत्या, आज-उद्या घरी येणार असं सगळे धरून चालले होते. फोन बाईंच्या भावाचा होता. मालकांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवून पुन्हा खत ढवळायला लागले. बादलीतला शेवटचा दाणा विरघळेपर्यंत ते ढवळत राहिले. दुपारच्या आत सगळी फुलं मिटली. त्यांना कोणी हात लावला नव्हता.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाईंनी मला वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून आणलं. दुकानदारानं विचारलं, "मुलांसाठी का?"

"हो."

"किती आहेत?"

"यंदाची अजून मोजली नाहीत," बाई म्हणाल्या. दुकानदार गोंधळला आणि त्यानं सुटे पैसे जास्त परत दिले. बाईंनी ते तिथंच मोजून परत केले.

भोपळ्याच्या वेलीवर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाखाली गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो. पण नराचे पराग पोचले नाहीत तर तो पिवळा पडून गळतो. हे काम एरवी मधमाश्या करतात. आमच्याकडे त्यांना मज्जाव होता, कारण बाई एक नवा वाण तयार करत होत्या आणि बाहेरचे पराग आत आले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. म्हणून मधमाशी मीच. पहाटे नर फुलात फिरायचं, पिवळं व्हायचं, मादी फुलात उतरायचं. मग बाई खुणेसाठी त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधायच्या.

वाण कसला, तर लहान भोपळ्याचा. दोन माणसांना एका वेळेला पुरेल, उरणार नाही इतका. बाजारातला भोपळा भरल्या घरासाठी असतो. बाईंच्या घरात चिरलेला अर्धा नेहमी वाया जायचा. दोघांच्या घरालाही त्याच्या मापाचं फळ मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

मूल व्हावं म्हणून दोघं पूर्वी बरेच दवाखाने फिरले होते. तिथं काचेच्या बशीत, सुईच्या टोकानं बीज फळवतात म्हणे. ते दोनदा केलं, दोनदा निसटलं. बाई त्याबद्दल एवढंच म्हणत, की तिथंही हेच काम चालतं, फक्त खोली थंड असते.

मालकांच्या धाकट्या बहिणीला मात्र हे बघवत नसे. एकदा ती दारात उभी राहून म्हणाली, "स्वतःचं काही झालं नाही, आणि वहिनी फुलांची लग्नं लावतेय."

"लावते तर," बाई मान वर न करता म्हणाल्या. "जेवायला या, ताई. आहेर नको."

मी तेव्हा त्यांच्या बोटांत होतो. बोटं जराही हलली नाहीत. तेव्हापासून मला वांझ हा शब्द मान्य नाही. ज्या हातानं इतकी फळं धरली, त्या हाताच्या बाईला कोणी तो लावलेला मी ऐकून घेणार नाही.

मालकांचा विश्वास खतावर. पानं बघ कशी तरारलीत, असं ते कौतुकानं म्हणत. पानांची भाजी करायची आहे का, असं बाई विचारत. बाई गेल्यावर अडवणारं कोणी उरलं नाही. मालक रोज खत घालत राहिले. पानं सुपाएवढी झाली, हिरवीगार, माजलेली. मादी फुलं कमी झाली. जी आली ती उमलली, मिटली, गळली. आणि बाईंनी त्या वाणाचं होतं नव्हतं ते सगळं बी यंदाच पेरलं होतं. यंदा फळ धरलं नाही, तर वाण संपला.

बहीण आवराआवरीला आली. सुकलेली पेनं, तुटकी कात्री यांच्याबरोबर तिनं मलाही कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. मग खाली पडलेले पिवळे गोटीएवढे भोपळे तिला दिसले. त्यातला एक तिनं उचलला.

"दादा, या फुलांचं कोण करणार?"

"खत घातलंय मी."

"खतानं पोर होत नाही, दादा."

तिनं पिशवीत हात घालून मला बाहेर काढलं, नर फुलात फिरवलं. मी पिवळा झालो तशी ती स्वच्छतेची भोक्ती मला ओढणीला पुसायला लागली. चकचकीत करून तिनं मला मादी फुलात घातलं. मी केस ताठ केले, पण कोरड्या केसांनी काय होणार?

"पुसू नकोस," मालक मागून म्हणाले. "तेच तर हवंय."

इतकी वर्षं ते खताच्या बादलीमागून सगळं बघत होते. त्यांनी हात धुतले, खताचा वास जाईपर्यंत धुतले, आणि मला घेतलं. आम्ही काम केलं. त्या दिवसापासून नुसतं पाणी, खत बंद.

आता माझे निम्मे केस झडलेत. मला बाईंची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवायची टूम बहिणीनं काढली आहे. मी जाणार नाही. मी कामाचा आहे, आठवणीचा नाही. उरलेल्या केसांनीही पराग उचलता येतात. ते संपले तर नवा ब्रश आणा, पण फुलांना थांबवू नका.

मोजक्याच वेलींवर लाल दोरे आहेत, त्यांचे भोपळे मुठीएवढे झालेत. वाणाला वहिनीचं नाव देऊ, असं बहीण म्हणाली. मालक म्हणाले, तिला ते आवडलं नसतं. मग काय द्यायचं, ते दोघांनाही सुचलं नाही. बाईंना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

वाणाला नाव द्यायचं राहून गेलं आहे.