बहात्तर माणसांच्या गल्लीतला हौद

पिंजार गल्लीत शिरलात की डावीकडचं तिसरं घर हलीमाबीचं. तिथे अंगणात, लिंबाच्या सावलीला, एका कडेचा टवका उडालेला सिमेंटचा हौद दिसतो ना मित्रांनो, तो मी.

अकोल्याहून अमरावतीकडे जाताना वाटेत लागणारं आमचं लहानसं गाव. वीस वर्षांपूर्वी शालिकराम गवंड्याने मला बांधलं. दहा दिवस मला ओल्या पोत्यांत गुंडाळून ठेवलं, मग पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "हलीमाबी, आता हा हौद तुमच्या नातवायलेही पुरते!" मला फार अभिमान वाटला.

माझी गरज होतीच तशी. नळाचं पाणी आधी मोठ्या कॉलनीत जायचं आणि अगदी शेवटी आमच्या गल्लीत. कॉलनीला तिसऱ्या दिवशी पाणी मिळे, आम्हाला आठव्या दिवशी. त्यामुळे गल्लीतल्या बाराही घरांत ड्रम, रांजण, टाक्या भरलेल्या असत. सगळ्यांत मोठा मी. कुणाकडे पाहुणे आले की बादल्या घेऊन लोक माझ्याकडेच येत. शेजारचे नत्थुजी तर म्हणत, "हौद नाई हा, गल्लीचं धरणच आहे!"

हलीमाबी फार टापटिपीची बाई. अंगण रोज झाडायची, नाली स्वतः धुवायची. धुण्या-भांड्यांचं पाणी माझ्यात राही, पिण्याचं माठात. माझ्यात पाणी कधी संपू द्यायची नाही. तळ दिसायच्या आत नळ येई आणि जुन्या पाण्यावर नवं पाणी पडे. म्हणून मला घासायची वेळच कुणावर आली नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता गल्लीत ताप आला. हलीमाबीची सून नाजिया शिवणकाम करते. ब्लाउज शिवावेत तर तिनेच, असं कॉलनीतल्या बाया म्हणत. तिला एका सकाळी मशीनवरून उठवेना. "अम्मी, डोळ्याच्या मांगं लय दुखून राहिलं," एवढंच ती बोलली. तपासणीत डेंग्यू निघाला, पेशी कमी झाल्या. तिचा नवरा ताहेर तिला अकोल्याला दवाखान्यात घेऊन गेला. सहा दिवस ती तिथेच होती.

नाजिया बरी होऊन आली. पण दिवाळी तोंडावर आली तरी ब्लाउज घेऊन कुणी येईना. कॉलनीत बोलणं पसरलं होतं, की त्या गल्लीत घाण आहे, म्हणून तिथे ताप आहे, तिकडे जाऊ नका. नाजियाने मशीनवर चादर टाकली. हलीमाबीला आजारापेक्षा हे जास्त लागलं.

त्याच सुमारास आरोग्य खात्याची आशाताई कौशल्या वही घेऊन घरोघर फिरू लागली. किती माणसं राहतात, किती आजारी पडले, सगळं ती विचारायची. आमच्या गल्लीत नऊ जणांना डेंग्यू झाला होता, कॉलनीत बारा जणांना.

"पाहा!" हलीमाबी उसळून म्हणाली. "त्यायच्यात बारा, आमच्यात नऊ. मंग घाण कोण?"

कौशल्या ओट्यावर बसली. "आपा, नुसते आजारी मोजून चालत नाई. माणसं किती त्यातले, तेही पाहा लागते. कॉलनीत चारशे माणसं. शंभरात तीन झाले. आपल्या गल्लीत माणसं बहात्तर. शंभराच्या हिशोबानं बारा-तेरा होतात. चौपट ताप आहे आपल्याकडे."

हलीमाबीने तिच्या वहीत वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे ते खरं बोलतात?"

"तापाचं खरं, घाणीचं खोटं. नाल्या मी पाह्यल्या, तुमच्याच जास्त साफ आहेत. डेंग्यूचा हा डास घाण पाण्यात नाई होत. साफ, साठवलेल्या पाण्यात होते. दिवसा चावते."

असं म्हणून ती उठली आणि तिने माझ्यात टॉर्च मारला.

मित्रांनो, माझ्या पाण्यात शेकडो बारीक अळ्या वळवळत होत्या. त्या कितीतरी दिवस माझ्यात होत्या, पण त्यांचेच पुढे डास होतात हे मला ठाऊक नव्हतं. ज्या घराने मला बांधलं त्याच घरच्या सुनेला माझ्यामुळे दवाखान्यात पडावं लागलं, हे कळलं आणि माझा सगळा अभिमान गळून पडला.

कौशल्या गल्लीतली उरलेली घरं तपासायला गेली. दुपारी ताहेर घरी येताच हलीमाबी त्याला म्हणाली, "घण आण. फोड हा हौद."

ताहेरने घण आणला. पहिला घाव माझ्या कडेवर बसला, टवका उडाला. दुसऱ्यासाठी त्याने घण उचलला होता, तेवढ्यात कौशल्या आवाज ऐकून धावत आली.

"थांब ताहेर! काहून फोडून राहिला? हौद फोडून पाणी कशात भरसान? ड्रमात? तेथीही अळ्याच आहेत. बारातल्या दहा घरांत सापडल्या मले. हौदाचा काय गुन्हा? पाणी आठव्या दिवशी येते म्हणून आपण साठवतो. साठवतो ते उघडं ठेवतो."

ताहेरने घण खाली ठेवला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा रिकामं केलं. पाणी झाडांना घातलं. डासांची अंडी भिंतीला चिकटून राहतात, म्हणून ताहेरने नारळाच्या काथ्याने मला आतून घासघासून काढलं. गुदगुल्या झाल्या असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण झाल्या. मग पत्र्याचं झाकण आलं. नवं पाणी भरल्यावर कौशल्याने पिशवीतून आणलेले वीस गप्पी मासे माझ्यात सोडले. हे मासे अळ्या खातात.

"या अल्ला! हे पाणी पाक-साफ राहीन का?" हलीमाबीने विचारलं. मग स्वतःच विचार करून म्हणाली, "नदीतही मासे असतातच की."

नत्थुजी हसले. "मासे पाळून कुठी ताप जाते काय?" पण झाकण उघडलं की खुर्ची घेऊन बघत बसणारेही तेच. "टीव्हीपेक्षा बरं आहे हे," म्हणायचे. महिन्याभरात मासे इतके वाढले, की गल्लीतल्या प्रत्येक घरी तपेल्यातून गेले. दर शुक्रवारी बाराही घरांत लहान भांडी कोरडी करून घासायचं ठरलं.

पण पाणी अजून आठव्याच दिवशी येत होतं. मग कौशल्याचे आकडे कागदावर उतरवून गल्लीतल्या बाया पाण्याच्या कचेरीत गेल्या. तिथली गोष्ट हलीमाबीने परत आल्यावर माझ्याच कडेला टेकून तीनदा सांगितली.

साहेब म्हणाले, "कॉलनीत बारा रुग्ण, तुमच्याकडे नऊ. तक्रार तुमची कशी?"

हलीमाबी म्हणाली, "साहेब, एका पंगतीत चारशे लोक, त्यातले बारा उपाशी उठले. दुसऱ्या पंगतीत बहात्तर, त्यातले नऊ उपाशी. तुमी वाढपी असान तं पहिले कोणत्या पंगतीकडे धावसान?"

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. दोन महिन्यांनी नवा व्हॉल्व्ह बसला आणि पाणी चौथ्या दिवशी येऊ लागलं. पहिल्यांदा ते अवचित आलं तेव्हा बाया घागरी घेऊन पळत सुटल्या. कोणी अर्धी वेणी घालून, कोणी पिठाच्या हातांनी, आणि सगळ्या हसत होत्या.

पुढच्या वर्षी कौशल्याने पुन्हा मोजलं. बहात्तरांत एक. गल्ली नाचायला निघाली, तर तीच म्हणाली, "एका वर्षावर नका जाऊ. यंदा पाऊस कमी होता, त्यानंही डास घटतात." त्यानंतरच्या वर्षी धो धो पाऊस झाला. कॉलनीत पुन्हा शंभरात तीनच निघाले. आमच्याकडे एकही नाही! तेव्हा मात्र कौशल्याने स्वतः नाजियाच्या हातचा शिरखुर्मा दोन वाट्या खाल्ला.

आता कॉलनीतल्या बाया ब्लाउजचं कापड आणतात आणि जाताना डब्यात गप्पी मासे नेतात. नाजिया दोन्हींची वाट बघायला लावते, इतकी मागणी आहे. दर शुक्रवारी अंगणात गप्पा रंगतात आणि मासे माझ्या पोटात गोल गोल फिरतात. इतका आनंद मला नवा असतानाही नव्हता.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. एखाद्या वस्तीत आजार जास्त दिसला तर माणसांना नावं ठेवू नका. आजारी किती ते मोजा, राहतात किती ते मोजा, आणि तिथे पाणी कितव्या दिवशी येतं तेही विचारा. घरी गेलात की हौद, ड्रम, कूलर, कुंडीखालची थाळी, सगळं उघडून बघा. आठवड्यातून एकदा आम्हाला घासा. आम्ही तुमचं पाणी जीव लावून सांभाळू, पण आम्हाला हात नाहीत. झाकण तुम्हालाच लावावं लागेल.