प्रेमराजचा ठोका

मी डबा बोलतोय. आधी भाकरीचा होतो, चोपड्याच्या इंदिराबाईंचा. त्यांच्या मुलानं, प्रेमराजनं, एक दिवस मला गुपचूप उचललं आणि जळगावला भिकनभाऊंच्या दुकानात नेलं. घरी डबा हरवला म्हणून इंदिराबाईंनी चार दिवस त्याचं डोकं खाल्लं म्हणे.

भिकनभाऊ लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. प्रेमराज रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तेविशीतच त्याच्या हातांतली ताकद जायला लागली होती. नसांचा आजार, वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तो भिकनभाऊंना म्हणाला, "भाऊ, हातात जोर आहे तोवर माझे ठोके भरून ठेवा. मग नुसतं बोट टेकलं तरी तेच वाजले पाहिजेत."

धरणगावच्या कापसाच्या गोदामात रेकॉर्डिंग झालं. तिथे गाठींमुळे आवाज घुमत नाही ना! पोरानं असे ठोके दिले, की बास रे बास. सगळ्यात मोठ्या ठोक्याबरोबर त्याच्या तोंडून "हं!" निघालं.

"हे कापून टाकतो," भिकनभाऊ म्हणाले.

"राहू द्या भाऊ, कोणाला ऐकू जातंय?"

मग ते ठोके माझ्या पोटात बसले. झाकणावर रबर लागलं, रबराखाली स्पर्श ओळखणाऱ्या पातळ चकत्या, मधली सगळ्यात मोठ्या ठोक्याची.

धुळ्याच्या कार्यक्रमात त्यानं नुसती बोटं टेकवली आणि मी मैदान हलवलं. त्याचे हात सुकलेत हे कुणालाच कळलं नाही. भाकऱ्या वाहताना एवढा मान मला कधी मिळाला नव्हता, खरं सांगतो.

पुढच्या वर्षी बोटंही उचलेनात. मग तो गेलाच. माझा मात्र एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता. मला फार लाज वाटली. त्याच्या बॅगेत मी तसाच पडून राहिलो. ती बॅग उघडायचा कुणाला धीर झाला नाही.

दिवाळीनंतर भिकनभाऊ बँडच्या नव्या ड्रमवाल्याला, चंदनला, घेऊन इंदिराबाईंच्या घरी आले. सोबत छोटा स्पीकर होता. "अक्का, याला डबा द्या. जुने आवाज पुसून याचे भरतो."

चंदननं मला बाहेर काढून तार जोडली. इंदिराबाई एकदम म्हणाल्या, "आवं माय, हाऊ ते मनाच डबा शे!" आणि आपला हरवलेला डबा ओळखून त्यांनी झाकणावर मधोमध हात ठेवला.

घर दणाणलं. पाठोपाठ बारीकसं "हं!"

त्यांनी पुन्हा हात ठेवला. पुन्हा "हं!" मग चंदनकडे वळून म्हणाल्या, "बाकी बठ्ठं पुशी टाक रे भो, पन हाऊ राहू दे. हाऊ मना पोऱ्याना आवाज शे."

चंदननं काहीच पुसलं नाही. "मावशी, मी दुसरा करून घेईन," म्हणाला आणि मला स्पीकरसकट तिथेच ठेवून निघाला.

तेव्हापासून स्वयंपाक आटोपला की त्या माझ्यासमोर येऊन बसतात. जोरात मारलं तर तो मोठ्यानं बोलेल असं त्यांना वाटतं, म्हणून तळहातानं धपाधप मारतात. माझी मधली चकती चिरत चाललीय हो. ती फुटली तर त्याचा आवाज माझ्या पोटातच अडकून राहील.

इंदिराबाई, एवढं ऐका. मारू नका, बोट टेकवा फक्त. जोर त्यानं आधीच भरून ठेवलाय.