निलगिरीची वाफ

रविवारी सकाळी चारुता पुन्हा शिंकली, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, सुलेखाताईंनी, पोळीचा तवा उतरवला आणि कपाटातून निलगिरीच्या तेलाची बाटली काढली.

"इकडे ये. रुमालावर दोन थेंब घालते, दिवसभर जवळ ठेव."

"नको ना आई, फार उग्र वास आहे," चारुता हसत हसत मागे सरकली.

"उग्र आहे म्हणूनच लागू पडतो."

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान होता तो या बाटलीला. सुलेखाताईंचे पणजोबा जगन्नाथपंत पुण्याचे. १८९७च्या प्लेगात आळीतली घरंच्या घरं ओस पडत होती. तेव्हा जगन्नाथपंतांनी घरातल्या प्रत्येकाच्या नाकाशी निलगिरीत भिजवलेला बोळा धरला, दारात तेल शिंपडलं, आणि त्यांच्या घरातलं एकही माणूस दगावलं नाही. ही गोष्ट सुलेखाताईंनी लहानपणापासून ऐकली होती आणि सगळ्यांना सांगितली होती. प्लेग सुरू होताच ते सगळं कुटुंब गावाबाहेर माळावर झोपडीत राहायला गेलं होतं, एवढा भाग मात्र सांगताना मागे पडायचा. तेव्हापासून पडसं असो की सांधेदुखी, दाढ असो की पोट, त्या घराण्यात औषध एकच.

सुलेखाताई काही खाष्ट सासू नव्हत्या. यजमान गेल्यावर मुलगा देवांग आणि त्या, अशी दोघंच त्या घरात उरली होती. बे एरियातल्या मराठी मंडळात लग्न जुळवायचं म्हटलं की लोक सुलेखाकाकूंना फोन करत. इतरांची लग्नं जुळवता जुळवता त्यांनी स्वतःच्या मुलासाठी अमरावतीची चारुता शोधली. सहा महिन्यांत पोरीनं घराचा नूर पालटला. लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये सुलेखाताई तिला गाडी शिकवायच्या. ब्रेक म्हटलं की ती घाबरून दोन्ही पाय उचलायची, आणि मग दोघी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायच्या.

त्या रविवारी दुपारी दोघी गावाच्या कडेच्या जुन्या फार्मवर फिरायला गेल्या. तिथे निलगिरीची उंच झाडी होती आणि झाडांची माहिती देणारा फलक होता. चारुता वनस्पतिशास्त्र शिकलेली. ती फलक वाचून मराठीत सांगू लागली.

"आई, तुमच्या जगन्नाथपंतांसारखे इथेही होते बघा! एकोणिसाव्या शतकात हिवताप, घटसर्प, खोकला, संधिवात, सगळ्यावर हेच तेल विकायचे म्हणे. नुसती झाडं लावली तरी गावातला ताप जातो, असंही समजायचे."

"मग! मी काय वेगळं सांगते?"

"पुढे लिहिलंय, नंतर खरी औषधं निघाली." ती जराशी हसली. मग झाडाच्या सुटलेल्या सालीवरून बोट फिरवत म्हणाली, "आई, कुणाला दमा असला, तर?"

"दम्याला तर रामबाण. पण दम्याची मुलगी बाई कुणी करून घेऊ नये. माझ्या चुलत नणंदेनं केली ना, लपवून गळ्यात मारली त्यांच्या. आता नवरा जन्मभर तिची उसाभर करतोय. म्हणून तर मी तुझ्या आईला पहिल्याच फोनवर विचारलं होतं, मुलगी धडधाकट आहे ना?" सुलेखाताईंनी कौतुकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू कशी, खणखणीत नाणं. का गं, कुणाला आहे दमा?"

"आहे एक मैत्रीण," चारुता म्हणाली, आणि खाली वाकून पाचोळ्यातलं एक पान उचलून बघत राहिली.

त्याच आठवड्यात उत्तरेकडचे डोंगर वणव्यानं पेटले. दरवर्षीसारखा धूर खाली उतरला, आकाश हळदीच्या रंगाचं झालं, सगळ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. चारुताचा खोकला वाढला.

"अर्जंट केअरच्या दवाखान्यात जाऊ या का?" देवांगनं विचारलं. "सगळ्या ऑफिसला खोकला आहे, पण तुझा जरा जास्तच वाटतोय."

"नको रे, साधी सर्दी आहे. तू जा, तुझी मीटिंग आहे ना." ती घाईघाईनं म्हणाली. डॉक्टर पहिल्याच भेटीत जे विचारतील ते नवऱ्यासमोर विचारतील, ही भीती तिच्या मनात होती, हे त्याला कुठून कळावं? तो सनीव्हेलला ऑफिसला गेला.

दुपारी सुलेखाताईंनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं. पातेलं बाथरूममध्ये नेलं, वाफ कोंडून राहावी म्हणून दार लावलं आणि बाटली उपडी केली. रोज दोन थेंब घालायच्या, आज पोरीच्या मायेनं हात सैल सुटला.

"आई, नको. मला त्रास होईल त्यानं."

"आधी त्रास होतोच. मग छाती कशी मोकळी होते बघ. बस."

चारुता बसली. या घरात तिनं आजवर कशालाही ठामपणे नाही म्हटलं नव्हतं. सुलेखाताईंनी तिच्या डोक्यावरून टॉवेल पांघरला आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

"सुटतोय बघ कफ," त्या म्हणाल्या.

टॉवेलखालची पाठ जोरजोरात वरखाली होऊ लागली. त्यांनी प्रेमानं पाठ चोळली. एकदम चारुतानं टॉवेल भिरकावला आणि भिंतीला धरून उठली. तिचे ओठ निळसर पडले होते. तोंड उघडं होतं, पण आत काही जात नव्हतं.

"पंप..."

"कसला पंप? चारू, काय होतंय?"

"बॅग... लाल..."

त्या धावल्या. लाल बॅगेतले कपडे त्यांनी जमिनीवर उधळले. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला एक छोटा निळा पंप हाताला लागला. तो तिच्या तोंडाशी नेऊन त्यांनी दाबला. पुन्हा दाबला. त्यातून काही आलं नाही. तो कधीचा रिकामा होता. मग त्यांनी ॲम्ब्युलन्ससाठी ९११ला फोन लावला, तेव्हा इंग्रजी शब्द त्यांच्या जिभेवर येईनात.

हॉस्पिटलमध्ये देवांग धावत आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, तिला अस्थमा किती वर्षांपासून आहे?

"तिला अस्थमा नाहीये," तो इंग्रजीत म्हणाला. "शी इज माय वाइफ. आय वुड नो." मग त्याची नजर आईच्या मुठीतल्या पंपाकडे गेली.

संध्याकाळी चारुता गेली.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. धुरानं श्वासनळ्या आधीच सुजलेल्या, रोजचं औषध बंद पडलेलं, त्यात कोंडलेल्या खोलीतली ती उग्र वाफ. औषध चालू असतं तर ही मुलगी म्हातारी होईपर्यंत जगली असती. अस्थमाची लाखो माणसं जगतात, धावतात, मुलं वाढवतात.

सुलेखाताई बाकावर बसून होत्या. त्यांच्या हातांना अजून निलगिरीचा वास येत होता.

"तिनं मला सांगायचं ना रे," त्या पुटपुटल्या. "मी काय खाल्लं असतं का तिला?"

देवांगनं वर पाहिलं. "शी वॉज स्केअर्ड, आई. ऑफ अस. माझ्याच घरात माझी बायको बाथरूममध्ये लपून औषध घेत होती."

अमरावतीच्या अहिल्याबाईंनी लेकीचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. त्या दिवशी दोन्ही विहिणींमध्ये एक शब्दही झाला नाही. अहिल्याबाईंचा फोन आला तो महिन्याभरानं, एका सकाळी.

"का लपवलंत?" नमस्कार-चमत्कार न करता सुलेखाताई म्हणाल्या. इतके दिवस हा एकच प्रश्न त्यांनी उराशी धरला होता. आपल्या हातून काय घडलं, या दुसऱ्या प्रश्नाकडे बघायची त्यांची छाती नव्हती. "पोटच्या पोरीच्या जिवाशी खेळलात तुम्ही!"

"आधीच्या स्थळांना खरंच सांगितलं होतं नं मी," अहिल्याबाईंचा आवाज रडून रडून बसलेला होता. "सगळे चहा पिऊन गेले नि 'कळवतो' म्हणाले. मग तुमचा फोन आला. मीच तिला शपथ घातली, मूल होईपर्यंत बोलू नको म्हणून. पंप संपले तर दिवाळीत येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवणार होते. सगळं माझंच चुकलं. पण ताई, तुम्ही एक सांगा. पहिल्या फोनवर मी खरं बोलले असते, तर तुम्ही केली असती का माझी चारू?"

सुलेखाताईंना वाटलं, हो म्हणावं. मेलेल्या मुलीच्या आईला तेवढा दिलासा द्यावा. पण झाडीत विचारलेला तो प्रश्न त्यांना आठवला. पोरीनं तेव्हा दार किलकिलं करून पाहिलं होतं, आणि ते त्यांनीच लावलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसती केली."

पलीकडे हुंदका फुटला. बऱ्याच वेळानं अहिल्याबाई सावरल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "एक मागणं आहे, ताई. धाकट्या आश्लेषाला स्थळ आलंय. मिशिगनमधल्या नोव्हाय गावचं. मुलाची आई शरयूबाई तुमच्या ओळखीच्या, त्या चौकशीला तुम्हालाच फोन करतील. आश्लेषालाही दमा आहे. चारूला अचानक न्यूमोनिया झाला असं सांगा. एवढं सांभाळून घ्या."

सुलेखाताई मध्येच बोलल्या. "अहो, अजून तिला जाऊन महिनाच झालाय! पुन्हा तेच?"

"मग काय करू? जन्मभर घरात ठेवू तिला? ही रीत मी केली का?"

तेवढ्यात पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि एक तरुण आवाज आला.

"काकू, मी आश्लेषा. मी सगळं ऐकत होते. तुम्ही शरयूबाईंना खरं सांगा. सगळं सांगा, ताईचंही. माझा पंप पर्समध्येच असतो, तो मी कुणाच्या मोज्यात लपवणार नाही. चालत नसेल त्यांना, तर राहू दे." तिला धाप लागली होती, पण आवाज कापत नव्हता. मागे तिची आई रडत राहिली.

दोन दिवसांनी शरयूबाईंचा फोन आला. गेलेल्या सुनेबद्दल हळहळ व्यक्त करून झाली आणि त्या मुद्द्यावर आल्या. "मुलगी दिसायला छान आहे हो. बाकी काही दुखणं-बिखणं नाही ना? तुम्ही जवळच्या, म्हणून विचारते."

"तिला दमा आहे," सुलेखाताई म्हणाल्या. "थोरलीलाही होता. आमच्यापासून लपवावा लागला, म्हणून ती गेली. माझ्या हातून गेली."

पलीकडून एक सुटकेचा सुस्कारा आला.

"अगं बाई! बरं झालं बाई वेळेवर सांगितलंत. वाचलो आम्ही!"

असे सुस्कारे सुलेखाताईंनी या फोनवर आजवर कितीतरी ऐकले होते. कधी स्वतः टाकले होते. आज त्यांनी फोन ठेवला नाही.

"कशातून वाचलात?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे... अहो, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

"नाही कळत. ती पोर पंप घेते, नोकरी करते, खरं बोलते. तुम्ही नक्की कशातून वाचलात, शरयूबाई?"

फोन चालूच होता. सुलेखाताई खुर्ची ओढून बसल्या आणि चारुताबद्दल सांगू लागल्या.