डमीच्या गालातलं विष

"निघालं, निघालं!"

पहिल्या रांगेतल्या पोस्टातल्या बाई खुर्ची मागे ढकलून उभ्याच राहिल्या. मागच्या दोनशे बायकांनी माना उंच केल्या.

स्टेजवर एक शिवणकाम करणाऱ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या गालावर पाण्यासारखं जेल लावलेलं होतं आणि त्यावरून दोन बोटं गोल गोल फिरत होती. बोटांखालून करड्या-पांढऱ्या वळ्या सुटत होत्या आणि खाली धरलेल्या काळ्या ताटात पडत होत्या. दोन मिनिटांत ताटात चांगला चिमूटभर ढीग जमला.

"हे काय आहे, मैत्रिणींनो?"

"विष!" सगळं सभागृह एका सुरात.

"किती वर्षांचं?"

"पंधरा!"

"यांचं जरा जास्त आहे." बोटांच्या मालकिणीने ताट दिव्याखाली तिरकं धरलं आणि भुवया जवळ आणल्या. "वीस तरी असेल. आणि या जाड वळ्या बघा. हा गिळलेला राग आहे. घरातल्याच कुणाचा तरी. बहुतेक सासूचा."

शिवणवाल्या बाईंना हुंदका फुटला. राग गिळलेली सून शोधायला काही दिव्यदृष्टी लागत नाही, डोळे मिटून बोट ठेवलं तरी सापडते. पण त्या वेळी हे कुणाच्या डोक्यात येणार? टाळ्या पडल्या.

ही आमची उजळबाई. फलकावर तिच्या नावाआधी तीन पदव्या होत्या, त्या कुणी दिल्या ते मात्र कुठेच नव्हतं. दर रविवारी अकरा वाजता ती आमच्या भागातल्या सभागृहात यायची. "त्वचेला सात दरवाजे असतात," ती सांगायची. "साबण पहिल्या दरवाजातूनच परत फिरतो. डॉक्टरांचं मलम तर दुसऱ्या दरवाजाला कुलूप घालतं आणि विष आत कोंडतं. माझं जेल सातही दरवाजे उघडतं!" जेलचं नाव अंतःशुद्धी. त्याच्या मागोमाग लावायचा कांतिलेप, बिनचिठ्ठीच्या पांढऱ्या डबीत. आणि वर मनाचा रंग ओळखणारी लिपस्टिक. कांडी हिरवीगार, ओठाला लागली की ज्याच्या त्याच्या स्वभावाचा रंग धरणार. पहिल्याच रविवारी साठ बायकांनी ती लावून पाहिली, साठहीजणींचे स्वभाव गुलाबी निघाले. "किती प्रेमळ वस्ती आहे ही!" उजळबाई गहिवरली.

मी शेवटच्या रांगेत बसून हे बघत होते. माझं स्वतःचं पार्लर आहे, अठरा वर्षांचं. त्यामुळे उजळबाईबद्दल मी चकार शब्द काढला की लोक म्हणायचे, "हिच्या पोटात दुखतंय." दुखत होतंच, खोटं कशाला बोलू? माझ्या खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. शिवाय मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होते? मोत्यांच्या भुकटीचं म्हणून जे फेशियल मी वर्षानुवर्षं केलं, त्यात मोती किती आणि खडू किती, हे मी बनवणाऱ्याला कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मी गप्प बसायची.

गप्प बसता आलं नाही ते माझ्या धाकट्या जावेमुळे.

ती बँकेच्या काउंटरवर बसते. हिशेबाला पक्की, बोलायला गोड, पण चेहऱ्यावर मुरमं आणि त्यांचे काळे डाग. एकदा एक गिऱ्हाईक तिच्या तोंडावर म्हणालं, "मी पलीकडच्या रांगेत जातो, इथलं काही लागायचं." ती घरी आली आणि सात वेळा तोंड धुतलं. मग मीच तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या, चार महिने लागतील. दोन झाले होते. तेवढ्यात उजळबाई उगवली. तीन दिवसांत मिळतंय म्हटल्यावर चार महिने कोण थांबतो? हिने मलम कचऱ्यात टाकलं आणि लेप घेतला.

आणि खरं सांगते, तीन दिवसांत ती उजळली. मुरमं बसली, डाग फिके झाले, गाल काचेसारखे झाले. "ताई, तुझ्या अठरा वर्षांत असं कुणाचं झालं होतं?" तिने विचारलं.

सहाव्या आठवड्यात ती तोंडाला रुमाल बांधून वावरायला लागली. शेगडीजवळ गेली की गाल पेटल्यासारखे व्हायचे. उन्हात पाऊल टाकवेना. एक दिवस लेप चुकला तर दुसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, वर बारीक पुळ्यांचा सडा. उजळबाई म्हणाली, "छान! खोलवरचं विष वर येतंय. अजून दोन डब्या." बरं वाटलं तर लेपाचा गुण, वाईट झालं तर विषाचा दोष. दोन्हीकडून डबी खपणार.

"अगं, बंद कर ते आणि डॉक्टरांकडे चल," मी म्हटलं.

"तुझं गिऱ्हाईक पळालं ना, म्हणून तुला माझं बरं झालेलं बघवत नाही!" ती सगळ्यांसमोर ओरडली. सासूबाई भाजी चिरता चिरता थांबल्या. मी ताट तसंच सोडून पार्लरला आले. अर्धं खरं असलेलं बोलणं फार लागतं.

पार्लरमध्ये माझी डमी आहे. खांद्यापर्यंतची प्लास्टिकची बाई. शिकायला येणाऱ्या मुली तिच्यावर केसांचा हात बसवतात. जावेची लिपस्टिक, लेपाची एक संपत आलेली डबी आणि जेलची बाटली माझ्याकडे राहिली होती. ती रागाने कपाटात कोंबायला गेले तर झाकण उडालं आणि जेलचा फवारा डमीच्या गालावर. पुसायला म्हणून मी अंगठा फिरवला.

गालातून विष निघायला लागलं.

करड्या-पांढऱ्या वळ्या, अगदी तशाच. मी बघतच राहिले. या बयेला ना सासू, ना संसार. जन्मात तिने घोटभर चहासुद्धा प्यायलेला नाही. मग हा कुणाचा राग? मी आरशाला जेल लावून चोळलं, आरशाचंही विष निघालं. टेबलाच्या सनमायकाचं तर इतकं निघालं की विचारू नका.

माझ्या मोठ्या नणंदबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. फोन केला तशा तास संपवून आल्या, हाताला खडू तसाच. त्यांनी डमी, आरसा, टेबल तिन्ही करून पाहिलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसल्या.

"अगं, हे जेलच आहे! पाणी घट्ट करायला एक पूड घालतात ना, ती यात आहे. चोळलं की पाणी उडतं, पूड गोळा होते आणि तिच्या वळ्या होतात. खोडरबराचा चुरा पडतो तसं. बोटाला, गालाला धूळ किंवा पावडर असली की वळी करडी दिसते. थोडी वरची मेलेली त्वचाही येत असेल, पण हा ढीग बाटलीतलाच."

"आणि ती लिपस्टिक, वन्सं?"

त्यांनी ओल्या टिपकागदावर हिरवी कांडी ओढली. रेघ हळूहळू गुलाबी झाली. "कागदही प्रेमळ दिसतोय," त्या म्हणाल्या. "हिरवा रंग नुसता वरून दिसायला. आत जो रंग आहे तो ओल लागली की गुलाबी होतो."

मग मी लेपाची डबी पुढे केली आणि त्यांचं हसू गेलं. "हे मला नुसतं बघून कळणार नाही. पण तीन दिवसांत उजळायचं आणि थांबवलं की भडकायचं, हे लक्षण मला बरं वाटत नाही. डॉक्टरांना डबीसकट दाखवा."

जाऊ ऐकेना. घरी डमीवर करून दाखवलं तर म्हणाली, "तुम्ही दोघींनी मिळून काहीतरी केलंय. तिच्यासमोर करून दाखवा, मग मानेन."

"ठीक आहे," वन्सं म्हणाल्या. "रविवारी."

रविवारी मी डमीला शाल पांघरून सभागृहात नेली. वन्सं बरोबर होत्या. जाऊ रुमाल बांधून आमच्यापासून चार खुर्च्या लांब बसली. उजळबाईने विचारलं, "आज कुणाचं विष काढायचं?" तशी मी उठले आणि डमी स्टेजवर नेऊन शाल काढली.

"हिचं काढा. फार सोसलंय बिचारीने."

हशा पिकला. उजळबाईचं हसू तसूभर हललं नाही. ती बाटली देईना, तेव्हा मी जावेची बाटली काढली आणि डमीचा गाल चोळला. ताटात वळ्या पडायला लागल्या.

पोस्टातल्या बाई पुन्हा उभ्या राहिल्या. "अगं बाई, हिच्यातूनही निघतंय की!"

"निघणारच!" उजळबाई गरजली. "ही पार्लरची बाहुली. दिवसभर पन्नास बायकांच्या चुगल्या हिच्या कानावर पडतात. निर्जीव वस्तू लहरी शोषून घेतात, हे विज्ञानानेच सिद्ध केलंय!"

आणि काय सांगू, निम्म्या माना डोलल्या. एक तर म्हणाली, "मग आमच्या सोफ्याचंही काढून द्याल का?"

तेवढ्यात वन्सं शांतपणे पायऱ्या चढून आल्या. वर्गात येतात तशा.

"बाई, एकच शंका. विष एकदा काढलं की ते संपतं ना?"

"अर्थात! मुळापासून!"

"मग त्याच गालावर लगेच पुन्हा चोळलं तर कमी निघेल?"

"हो... कमी निघेल."

"या हो," वन्संनी शिवणवाल्या बाईंना बोलावलं. बाईंच्या एकाच गालावर त्यांनी तेवढंच जेल मापून लावलं, चोळलं, वळ्या कागदावर झाडल्या, गाल ओल्या कापडाने पुसून कोरडा केला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच. चार कागद ओळीने मांडले. चौथा ढीग पहिल्याएवढाच होता. मग वन्संनी जेल दुप्पट घेतलं, ढीगही दुप्पट झाला.

"आता मला सांगा," त्या बायकांकडे वळल्या, "ढीग गालाप्रमाणे बदलतो की बाटलीप्रमाणे?"

शिवणवाल्या बाई चारही कागद निरखत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणजे माझा सासूवरचा राग... तुमच्या बाटलीतला होता?" मग स्वतःशीच पुटपुटल्या, "आणि मी घरी जाऊन त्या म्हातारीशी महिनाभर अबोला धरला."

"या बायका जळतात!" उजळबाई ओरडली. "यांचं दुकान बसलंय! ज्यांना गुण आला त्यांना विचारा. ती बँकेतली बघा, कशी उजळली होती! कुठे आहे ती?"

जाऊ उठली. ती स्टेजपाशी गेली आणि सगळ्यांकडे तोंड करून तिने रुमाल सोडला. गाल कच्च्या जखमेसारखे लाल होते, हनुवटीवर पुळ्यांची दाटी.

"ही मी. डॉक्टरांचं मलम तुम्ही बंद करायला लावलंत," ती उजळबाईला म्हणाली. "या लेपात काय आहे? डबीवर काहीच लिहिलेलं नाही. तेवढं सांगा."

"ते गुपित आहे. गुरूंनी..."

"मी तोंडाला लावते ते. मला कळायला नको?"

उजळबाईने ताट उचललं, बाटल्या पेटीत भरल्या आणि "तुमची पात्रता नाही" असं म्हणून ती मागच्या दाराने गेली. पुढच्या रविवारी सभागृहाला कुलूप होतं.

डॉक्टरीणबाईंनी डबी तपासायला पाठवली. आत जोरकस स्टेरॉइड निघालं. असं औषध डॉक्टर मोजून मापून, थोड्या दिवसांसाठी देतात. चेहऱ्यावर रोज थापलं तर आधी उजळतं, मग त्वचा पातळ होते आणि त्याशिवाय राहीनाशी होते. ते कसं थांबवायचं हेही त्यांनीच ठरवून दिलं. पाच महिने गेले. ते महिने सोपे नव्हते. कितीदा ती आरशावर टॉवेल टाकायची. एकदा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "ताई, मी तुला काय काय बोलले गं." मी म्हटलं, "अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याचं बघू नंतर." डाग अजून थोडे आहेत. ती काउंटरवर तशीच बसते, रुमाल न बांधता. आम्ही तक्रार केली आहे, चौकशी चालू आहे. उजळबाई म्हणे आता दुसऱ्या गावात गुडघ्यांचं विष काढते.

मी मोत्यांचं फेशियल बंद केलं. आता कुणी विचारलं की सरळ सांगते. महागड्या डबीच्या आधी सौम्य फेसवॉश घ्या, साधं वास नसलेलं मॉइश्चरायझर घ्या, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. ओठ फुटले तर साधं व्हॅसलीन पुरतं. लिपस्टिक हवी तर डोळ्यांना आवडेल तो रंग घ्या, स्वभाव तुमचा तुम्हाला ठाऊक असतो. मुरमं जात नसतील तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी चार महिने म्हटलं तर चार महिने थांबा. काही गिऱ्हाइकं यामुळे परत गेली. जाऊ देत.

नटायला माझी ना नाही, त्यावरच माझं पोट आहे. पण बायांनो, बाप्यांनो, भाजीवाल्याकडे आपण भेंडी मोडून बघतो, आणि तोंडाला काय फासतो ते मात्र विचारत नाही. डबीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर हात मागे घ्या. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.